हाउनानीला पेलणारी फळी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. लाटांवर घसरायची फळी. तुम्ही तिला सर्फबोर्ड म्हणता. म्हणा बापडे, माझी काही ना नाही. लांबी साडेअकरा फूट. वजन विचारू नका, या वयात ते कुणी सांगत नसतं. गेली सतरा वर्षं मी आमच्या बेटावर, माकाहाच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, खांबांवर उभ्या असलेल्या एका घराखाली, दोन ठोकळ्यांवर पडून आहे. अंगावर फाटकी ताडपत्री, ताडपत्रीवर शेजारच्या कोंबड्या. नाकाच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, बाजूने मला वाळवी लागली आहे. तिची कुरकुर ऐकून ऐकून जीव विटला आहे.

थकले आहे हो मी. बोलायचाही कंटाळा येतो. पण आज सकाळी माझ्या शेजारी कुणीतरी करवत आणून ठेवली. करवत दिसली की कितीही थकलेल्या फळीला सगळं आयुष्य आठवतं. तेव्हा ऐका, पुन्हा सांगायला मी असेन-नसेन.

मी कशाची बनले हे सांगण्याआधी मी कोणासाठी बनले ते सांगायला हवं. हाउनानीसाठी. हाउनानी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, रोज तीनशे मुलांचा भात शिजवायची. अंगाने चांगली भरलेली, आवाजाने त्याहून. लहानपणापासून तिचा दिवस समुद्रात सुरू व्हायचा. मग एक दिवस शाळेच्या मागच्या ओल्या पायऱ्यांवरून ती पातेल्यासकट पडली आणि तिचं डाव्या खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. काठी आली. चालणं गेलं, अंग आणखी वाढलं, आणि समुद्र राहिला तो राहिलाच.

चार वर्षांनी तिने भाच्याची फळी मागून आणली. पोटावर झोपून का होईना, जाऊन येते म्हणाली. फळी दुकानातली, बारीक पोरांच्या मापाची. ती हाउनानीखाली सरळ पाण्यात गेली, आणि फळीवर बसलेली हाउनानी छातीपर्यंत बुडाली. किनाऱ्यावर पन्नास माणसं होती. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. हसले असते तर तिने चार शिव्या घातल्या असत्या आणि पुन्हा प्रयत्न केला असता. दुसरीकडे बघितलं, ते तिला लागलं.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "झालं, लोपाका. संपला माझा समुद्र." त्यानंतर वर्षभर ती किनाऱ्याकडे फिरकली नाही. बाजारात जायचं तरी मागच्या रस्त्याने जायची.

लोपाका, तिचा नवरा, कचऱ्याचा ट्रक चालवायचा. बुटका, काटक, आणि हट्टी म्हणजे किती हट्टी! तो म्हणाला, "उन्हाळा संपायच्या आत तुला पाण्यात नेतो. तुला पेलेल अशी फळी मी स्वतः करतो."

"हो का?" हाउनानी म्हणाली. "आधी पायरीचा खिळा ठोक. तीन वर्षं झाली सांगतेय."

पण मित्रांनो, तिच्या आवाजात काहीतरी हललं होतं म्हणे. लोपाका ही गोष्ट ज्याला-त्याला सांगायचा, म्हणून मला ठाऊक. मी तेव्हा अजून फळी झाले नव्हते.

आता फळी करायची तर कशाची? वस्तू अशी हवी, की ती हाउनानीला पेलेल. लाटेने आपटली तर मोडणार नाही. आणि पन्नाशी ओलांडलेल्या लोपाकाला एकट्याने उचलून किनाऱ्यापर्यंत नेता येईल. सगळं गाव जे फेकतं ते लोपाकाच्या हातून जायचं, त्यामुळे त्याला वाटलं, आपल्याला काय कमी? महिनाभर तो रोज काहीतरी घरी आणत राहिला. अंगणात पाण्याने भरलेलं पिंप ठेवलं होतं, त्यात एकेक तुकडा टाकायचा आणि वर दगड ठेवून बघायचा. आमच्याकडचं कोआचं लाकूड लोखंडासारखं टणक, पण उचलताना कंबर धरते. एका दवाखान्याचं प्लायवुडचं दार आणलं, ते दोन दिवसांत पापडासारखं सुटलं. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या टाकीच्या तांबड्या लाकडाच्या पट्ट्या आणल्या. ते लाकूड चाळीस वर्षं पाण्यात राहूनही कुजलं नव्हतं, पण अख्खी फळी त्याची केली असती तर तिच्यासाठी ट्रकच लागला असता.

हाउनानी खिडकीतून बघायची. "आज काय आणलंस? कुणाच्या घराचं छप्पर?"

"तू तुझी अळूच्या कंदाची पोई खा आणि गप बस," तो म्हणायचा.

मग एक दिवस त्याला थर्माकोल सापडला. थर्माकोल म्हणजे खोक्यातला चुरा नव्हे. तरंगत्या धक्क्याखाली घालतात तो अख्खा ठोकळा, बारा फूट लांब. एका हाताने उचलावा असा हलका. पिंपात मावेना म्हणून तो त्याने खाडीत नेऊन तरंगवला, वर स्वतः चढून नाचला, तरी हलला नाही. लोपाका घरी आला तो शीळ घालत. आठ दिवस करवतीने कापून, घासून त्याने त्याला फळीचा सुरेख आकार दिला. आता वरून काचेच्या धाग्यांचं कापड लावायचं आणि बोटीला लावतात ती राळ ओतायची, की झालं.

शेजारी तोकुजी राहायचा. त्याचा जन्म मासेमारीच्या बोटी बांधण्यात गेलेला. तो कुंपणावरून म्हणाला, "आधी तुकड्यावर थेंब टाकून बघ."

"अरे, बोटींना चालते ती राळ."

"बोट लाकडाची असते. थेंब टाक."

"तीस वर्षं लोकांचा कचरा उचलतोय मी, तोकुजी. कुठली वस्तू काय आहे ते वासावरून सांगतो."

"मग वास घे," तोकुजी म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

लोपाकाने अर्धा डबा राळ एकदम ओतली. हाउनानी पायरीवर बसून बघत होती. आधी बारीक चरचर ऐकू आली. मग थर्माकोलला भोकं पडली, भोकांचे खड्डे झाले, आणि बघता बघता ती सुरेख फळी स्वतःतच विरघळत खाली बसली. लोपाका दोन्ही हातांनी राळ निपटायला गेला, तर हातच चिकटले. पाच मिनिटांत अंगणात उरला एक पिवळा, वास मारणारा चिखल.

हाउनानी हसायला लागली. पोट धरून हसली, काठी हातातून पडेपर्यंत हसली. आणि मग तसंच हसता हसता रडायला लागली. लोपाका चिकट हात घेऊन तिच्यासमोर उभा राहिला, कारण त्या हातांनी तिला जवळही घेता येईना.

"राहू दे रे," ती म्हणाली. "नको आता काही करूस. मी अशीच बरी आहे."

"अशीच बरी" म्हणणारं माणूस बरं नसतं, मित्रांनो. एवढं मला झाड असल्यापासून कळतं.

हो, मी झाड होते. विलिविलीचं झाड. तुमच्याकडच्या पांगाऱ्याच्याच कुळातली मी, तशीच काटेरी, तशीच फुलणारी. माकाहाच्या मागच्या कोरड्या दरीत, हाउनानीच्या मावशीच्या जमिनीवर मी ऐंशी वर्षं उभी होते. त्याआधी दीड वर्ष आलेल्या वादळाने मला मुळांसकट आडवी केली. तेव्हापासून उन्हात वाळत पडले होते. कुणी ढुंकून बघत नव्हतं. माझ्या शेजारणी बहरायच्या आणि मी खालून बघायची.

माझं नाव काढलं ते तोकुजीने. चिखल खरवडायला तो स्वतःहून आला आणि म्हणाला, "तू फेकलेल्या वस्तूंत शोधतोस. पडलेल्यांत बघ की. तुमच्या जुन्या सरदारांच्या फळ्या कशाच्या असायच्या?"

लोपाकाने कपाळावर हात मारला. हात अजून चिकटच होता, तो कपाळालाच राहिला म्हणे. पण हे बहुधा तोकुजीने मागाहून घुसडलं असावं.

दुसऱ्या दिवशी ट्रक दरीत आला. लोपाका करवत घेऊन चढण चढला. हाउनानीला चढवत नव्हतं म्हणून ती ट्रकमध्येच बसली, खिडकीतून डोकं काढून.

"मासा ठेवलास का रे?" तिने ओरडून विचारलं.

आमच्याकडची रीतच आहे ती. फळीसाठी झाड घ्यायचं तर आधी त्याच्या मुळाशी लाल मासा ठेवायचा, चार शब्द बोलून विचारायचं, आणि मगच हात लावायचा.

"ठेवला, ठेवला!"

"बघू."

"त्यात बघायचं काय?"

"लोपाका!"

तेव्हा त्याने हात वर केला. हातात डबा होता, दुकानात मिळतो तो सार्डिन माशांचा.

"अरे देवा!" हाउनानी म्हणाली. "डबा?"

"आत मासाच आहे ना? आणि टोमॅटोतला आहे. म्हणजे लालच झाला की!"

"आणि झाड काय डबा उघडायची चावी कमरेला लावून बसलंय?"

लोपाकाला हसू आलं. मलाही आलं असतं. पण मग तो जे बोलला ते बोलायला नको होतं. "अगं, दीड वर्ष झालं हे पडून. पडलेल्या झाडाला काय विचारायचं?"

ट्रकचं दार उघडलं. हाउनानी खाली उतरली. काठी टेकत, थांबत, दगडांना शिव्या देत ती चढण चढून वर आली आणि माझ्या खोडावर मटकन बसली. तिचा श्वास लागला होता. तिचं ओझं माझ्यावर पडलं ते तेव्हा पहिल्यांदा.

"पडलेल्यालाच आधी विचारायचं असतं," ती म्हणाली. "मी त्या पायऱ्यांवरनं पडले तेव्हा चौघांनी मला न विचारता उचललं. एकाने हाच पाय धरला. मी किंचाळतेय, आणि ते म्हणतायत, मदत करतोय! तेव्हापासून जो उठतो तो माझा दंड धरतो. बाजारात, चर्चमध्ये, कुठेही. हात देऊ का, एवढं विचारायला काय जातं रे लोकांचं? मला निदान तोंड आहे, मी भांडते. हिला तेही नाही."

लोपाकाने डबा खिशात घातला, करवत ट्रकमध्ये टाकली, आणि दोघं परत गेली. मी पडल्या पडल्या ऐकत होते. उभी असताना ऐंशी वर्षांत माझी बाजू कुणी अशी मांडली नव्हती.

तो लाल मासा, कुमू, खडकांच्या कपारींत राहतो आणि भाल्याने मारावा लागतो. त्यात दिवस विलिविलीच्या बहराचे. विलिविली फुलली की शार्क चावतो, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. लोपाका तीन सकाळी बुड्या मारत राहिला. आणि हाउनानी? वर्षभर जिने समुद्राचं तोंड पाहिलं नव्हतं, ती तिन्ही सकाळी किनाऱ्यावर काठी रोवून उभी होती आणि ओरडत होती, "वर ये रे बाबा! नको मला फळी! विधवा व्हायचं नाही मला मासळीपायी!" तिसऱ्या दिवशी त्याला वीतभर कुमू मिळाला. वीतभरच, पण लालभडक. तो माझ्या मुळाशी ठेवून लोपाकाने टोपी काढली आणि विचारलं, "हाउनानीला पेलशील का?"

मला काय, मी तयारच होते.

मग मी चिरली गेले. दुखलं का विचाराल, तर नाही दुखलं. विचारून केलेलं फारसं दुखत नाही. माझ्या पाच फळ्या निघाल्या, हलक्या पण मऊ; नखाने ओरखडा उठावा अशा. म्हणून त्यांच्या मधोमध टाकीच्या तांबड्या लाकडाची पट्टी बसवली, तो माझा कणा. शेपटीखालच्या परासाठी टणक लाकूड हवं होतं. हाउनानी उठून आत गेली आणि आजीची पोई कुटायची फळी घेऊन आली. कोआची, मधून चिरलेली. "आजी म्हणायची, चिरलेली वस्तू फेकायची नाही, तिचं दुसरं काम शोधायचं," ती म्हणाली. तोकुजीने सरस आणि शिकंजे आणले. रंधा चालवला दोघांनी मिळून, एकमेकांच्या चुका काढत.

शेवटी राळ. उरलेला अर्धा डबा.

"थेंब," तोकुजी म्हणाला.

लोपाकाने मुकाट्याने माझ्या एका ढलपीवर थेंब टाकला, आणि ते दोघे अख्खा तासभर त्या थेंबाकडे बघत बसले. थेंब तिथेच वाळून घट्ट झाला. थर्माकोलला ज्या राळेने खाल्लं तिनेच मला चिलखत दिलं. राळ वाईट नव्हती आणि थर्माकोलही वाईट नव्हता. कोणाला कोण सोसतं, ते आधी पाहायला हवं होतं, एवढंच.

उन्हाळा संपायला नऊ दिवस उरले असताना मला पाण्यावर ठेवलं. किनाऱ्यावर तीच पन्नास माणसं. हाउनानी कमरेइतक्या पाण्यात आली. लोपाकाने विचारलं, "हात देऊ?" ती म्हणाली, "फळी धर." आणि तिने स्वतःला माझ्यावर लोटून दिलं.

खरं सांगते, मी घाबरले. दबले मी. पाणी माझ्या कडांवरून आत आलं, एक बोट, दोन बोटं. लोपाकाचे ओठ हलत होते. मग पाणी थांबलं. थांबलं आणि हळूहळू उतरलं. हाउनानी माझ्या पाठीवर गाल टेकून पडली होती, डोळे मिटून. बराच वेळ ती हललीच नाही. मग तिने हात पाण्यात घातले आणि पुढे निघाली. पहिली लाट लहानच होती, गुडघाभर. पण त्या लाटेवरून येताना ती अशी काही ओरडली, की किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली. या वेळी कुणी दुसरीकडे बघितलं नाही.

चौदा वर्षं मी तिला वाहिलं. ती कधी उभी राहिली नाही. पोटावर, फार तर गुडघ्यांवर. पोरं ओरडायची, "बाजूला व्हा रे, बोट आली!" ती म्हणायची, "बोटच आहे! तिकीट काढलंस का?" परगावची माणसं येऊन माझ्यावर हात फिरवायची, कोणत्या दुकानातली म्हणून विचारायची. लोपाका छाती फुगवून सांगायचा, "थोडी दरीतली, थोडी टाकीतली, थोडी सासुरवाडीच्या स्वयंपाकघरातली." रोज घरी आल्यावर तो मला गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत ठेवायचा, टवका उडाला असेल तर त्याच दिवशी राळ भरायचा. टवक्यातून पाणी आत शिरलं की लाकूड आतून सडतं, वरून कळत नाही. तो रोज बघायचा.

कष्टही होतेच, मित्रांनो. दगड लागायचे, ऊन भाजायचं. पण तो थकवा निराळा. काम करून आलेला थकवा झोप देतो. आत्ताचा हा देत नाही.

मग हाउनानीचं हृदय थांबलं. एका दुपारी, झोपेत. तिची राख मीच नेली. लोपाका पोहत मला ढकलत होता, तिची मुलगी वाइलाना शेजारी, आणि सगळा गाव आपापल्या फळ्यांवर गोल करून बसला होता. फुलं वाहिली. राख वाहिली. माझ्यावर तिचं ओझं नव्हतं आणि मी फार वर तरंगत होते. नको इतकी वर.

त्या दिवशी लोपाकाने मला धुतलं नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा. तसंच मीठ अंगावर घेऊन मी या ठोकळ्यांवर आले, आणि वर ताडपत्री आली.

सतरा वर्षं. म्हणायला मला जपलं आहे हं! हाउनानीच्या वाढदिवसाला वाइलाना ताडपत्री उचलते, माझ्यावर फुलांचा हार ठेवते, डोळे पुसते, आणि ताडपत्री पुन्हा ओढते. हार सुकतो, कोंबड्या खातात. या घरात माझ्यावर प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. पण प्रेमाने वाळवी जात नाही. एकदा तरी कुणी बादलीभर पाणी ओतायचं होतं.

मधल्या काळात आफ्रिकेकडची कसलीशी माशी बेटांवर आली. डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढीशी. विलिविलीच्या पानांवर तिने गाठी आणल्या आणि दरीतल्या माझ्या शेजारणी एकेक करून वाळल्या. आता ते लाकूड मागूनही मिळत नाही. मी उरले, घराखाली.

आणि वाइलाना आता एक्कावन्न वर्षांची आहे, आई तेव्हा होती तेवढीच. अंगही आईचंच. साखरेच्या आजाराने तिच्या पायाची तीन बोटं गेली. डॉक्टर म्हणतात चाला, आणि तिला चालवत नाही. गेल्या महिन्यात ती दुकानातली फळी घेऊन गेली होती. परत आली ती मागच्या रस्त्याने.

लोपाका पायरीवर बसला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा झालाय तो, पण तो मागचा रस्ता त्याने ओळखला.

"फळी करू तुला," तो म्हणाला.

"कशाची, पापा? थर्माकोलची?"

"थर्माकोलचं नाव काढू नकोस!" मग तो खाली वाकून माझ्याकडे बघत राहिला. "हिचं नाक गेलंय. दोन फूट कापायचं. बाकी टणक आहे, मी ठोकून बघितलंय. टाकीच्या दोन पट्ट्या अजून आहेत, त्या कडांना लावू, म्हणजे रुंद होईल."

वाइलाना ओरडलीच. "ममाची फळी कापायची? वेड लागलंय का तुम्हाला? तिची तेवढीच आठवण राहिलीय!"

"तिची आठवण कोंबड्यांना बसायला ठेवलीय का?"

"पापा!"

"चुकलंच माझं," लोपाका म्हणाला. "त्या दिवशी मला हिला धुवायला हवं होतं. माझ्याने धुववलं नाही. हिच्यावर शेवटचं पाणी लागलं ते तिच्या राखेचं. ते कसं धुऊ? आज धुऊ, उद्या धुऊ करत सतरा वर्षं गेली. पण पोरी, तुझी आई आठवण म्हणून ठेवायची बाई नव्हती गं. चिरलेल्या वस्तूला ती दुसरं काम शोधायची."

वाइलाना वर निघून गेली. तीन दिवस दोघं बोलली नाहीत. आणि मी खाली पडून, मित्रांनो, जिवाच्या आकांताने ओरडत होते, की कापा मला, कापा! पण हाउनानी म्हणाली होतीच ना, हिला तोंडही नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरीही असेल एखादी अशी वस्तू, कुणाची तरी आठवण म्हणून झाकून ठेवलेली. तिच्यावरची धूळ पुसा. टवका दिसला तर आजच भरा. आणि तिच्यात दम असेल तर तिला कामाला लावा. झाकून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. हे मी सतरा वर्षं ताडपत्रीखाली शिकले आहे. आणि कुणालाही उचलायचं असलं, वस्तू असो की माणूस, तर आधी विचारा.

आज सकाळी करवत आली. ती आणून ठेवली वाइलानाने. आणि आत्ता, मी बोलत असतानाच, ती पाण्याची नळी घेऊन आली, ताडपत्री काढून फेकली आणि मला धुवायला लागली. सतरा वर्षांचं मीठ. वाहताना ते तिच्या पायांवरून गेलं, त्या उरलेल्या दोन बोटांवरून, आणि ती आवाज न करता रडत होती. मी हलकी झाले.

मग लोपाका आला. काठी टेकत, थांबत. गुडघे टेकायला त्याला खूप वेळ लागला. वाइलाना पुढे झाली आणि थबकली. "हात देऊ, पापा?"

"दे," तो म्हणाला.

खाली बसल्यावर त्याने टोपी काढली. "पुन्हा विचारतोय," तो मला म्हणाला. "वाइलानाला पेलशील का?" त्याने खिशात हात घातला. "कुमू आणायला आता समुद्रात उतरवत नाही गं. बाजारातही नव्हता. रागावू नकोस." आणि त्याने माझ्या शेपटीशी सार्डिनचा डबा ठेवला, टोमॅटोतला, लाल.

या वेळी डबा त्याने उघडून आणला होता.